उमेदवारी शाळेतल्या मानसशास्त्राची: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच विषयाची निघाली. शाळेत मानसशास्त्राचं काम शिकायचं कसं, शिकवायचं कुणी, आणि शिकणाऱ्याच्या हाती मूल किती सोपवायचं, असा तो विषय. म्हणून या वेळचा स्तंभ पूर्णपणे त्याला दिला आहे.

एम.ए. भाग २ ला आहे. माझी आतेबहीण अमेरिकेत ‘स्कूल सायकॉलॉजिस्ट’ आहे. तेच काम मला इथे करायचं आहे. कुठली इंटर्नशिप केली म्हणजे नावापुढे हे लावता येईल? (विद्यार्थिनी, मिरज)

तुमच्या आतेबहिणीकडे इंटर्नशिप ही परवान्याच्या अलीकडची शेवटची पायरी असते. तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांप्रमाणे ती किमान १२०० तासांची असावी लागते आणि त्यातले किमान ६०० तास शाळेतच व्हावे लागतात. आपल्याकडे या नावाचा वेगळा परवानाच नाही. त्यामुळे कुठलीही इंटर्नशिप तुम्हाला ही उपाधी देऊ शकत नाही. ‘तीन महिन्यांत सर्टिफाइड स्कूल सायकॉलॉजिस्ट’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: हे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली मान्य आहे?

इथे दारं दोन आहेत. पहिलं शाळेतल्या समुपदेशकाचं. त्यासाठी एम.ए. आणि समुपदेशनाची पदविका हा रूढ मार्ग आहे. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका एक वर्षाची असते. पहिले सहा महिने घरून अभ्यास, पुढचे तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्या गावाजवळच्या शाळेत इंटर्नशिप. महाराष्ट्राला जवळचं केंद्र भोपाळचं. दुसरं दार भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा पुनर्वास मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी दोन्ही लागतं. नुसत्या एम.ए.वर निदानाच्या अहवालाखाली सही करता येत नाही. तुम्हाला मुलांशी, शिक्षकांशी, पालकांशी रोजचं काम करायचं असेल तर पहिलं दार पुरेसं आहे. चाचण्या आणि निदान स्वतःच्या सहीने करायचं असेल, तर दुसऱ्या दाराला पर्याय नाही. हे आत्ताच ठरवा, कारण तिशीनंतर पुन्हा दोन वर्षं पूर्णवेळ शिकायला बसणं फार थोड्यांना जमतं.

दूरस्थ पद्धतीने एम.ए. करू पाहणाऱ्या मैत्रिणी असतील तर त्यांनाही सांगा की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश यूजीसीने थांबवले आहेत.

कामाची गरज मात्र वाढते आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून कमी पट असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं सांगितलं आहे. शंभराच्या वर पट असलेल्या माध्यमिक शाळा आपल्या दोन जिल्ह्यांत किती आहेत, हे तुम्हीच मोजा.

कराडजवळच्या शाळेत १६ आठवड्यांची इंटर्नशिप चालू आहे. पर्यवेक्षक महिन्यातून एकदा येतात, वहीवर सह्या करतात, ‘छान चाललंय’ म्हणतात. तास तर भरतायत. यात काही चुकतंय का? (विद्यार्थी, कराड)

चुकतंय. तास भरतायत, पण तुमचं काम कुणी बघत नाहीये. इंटर्नशिपमध्ये सगळ्यात महाग गोष्ट शाळा नसते की चाचण्यांची पेटी नसते. तुमच्यापेक्षा अनुभवी माणसाने तुमचं काम ओळीओळीने वाचलेला आठवड्याचा एक तास, तीच खरी महाग गोष्ट. बाकी सगळं नंतर मिळवता येतं, हा तास नंतर मिळत नाही.

गणित मांडून बघा. आठवड्याला ३ दिवस, दिवसाला ५ तास, १६ आठवडे, म्हणजे २४० तास. त्यात दर आठवड्याला एक तास पर्यवेक्षण धरलं तर १६ तास होतात. हे १६ तास शेवटच्या पंधरवड्यात एकदम उरकून चालत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात केलेली चूक चौदाव्या आठवड्यात कळली, तर मधल्या बारा आठवड्यांत तीच चूक प्रत्येक मुलावर झालेली असते.

कुठली चूक? नेहमी दिसणारी सांगतो. इंटर्न विचारतो, “घरी भांडणं होतात ना?” मूल मान हलवतं. संध्याकाळी वहीत नोंद होते, ‘मुलाने घरी भांडणं होत असल्याचं सांगितलं.’ वही वाचणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. मुलाने मुळात काही सांगितलंच नव्हतं, शब्द इंटर्नचे होते, हे उघडं पडायला संवाद जसाच्या तसा लिहिलेला लागतो. म्हणून दर आठवड्याला एका भेटीतली फक्त १० मिनिटं शब्दशः लिहा. पानाचे तीन भाग करा. डावीकडे मुलाचे शब्द, मध्ये तुमचे, उजवीकडे त्या क्षणी तुमच्या मनात काय आलं आणि तो प्रश्न का विचारला. भेट संपल्यावर अर्ध्या तासात लिहायचं. रात्री घरी लिहिलं की आठवण स्वतःच्या सोयीने दुरुस्त होते. पर्यवेक्षणाच्या तासाला हे पान ठेवा आणि त्या दिवशी एकाच मुलाबद्दल बोला. पाच मुलांवरून धावतं बोललं की पाचही वरवरच राहतात.

२४० तासांची वाटणी आम्ही साधारण अशी सुचवू: वर्गनिरीक्षण ४०, मुलांशी एकेकट्याने बोलणं ६०, गटात घ्यायची सत्रं ३०, चाचण्या आणि त्यांचं गुणांकन ४०, शिक्षक-पालकांशी भेटी ३०, लेखन २४, पर्यवेक्षण १६. महाविद्यालयाचा नमुना वेगळा असेल तर तो पाळा, पण निरीक्षण कापू नका. सगळ्यांत आधी तेच कापलं जातं, कारण मागच्या बाकावर बसून राहणं म्हणजे काम न करणं असं शाळेलाही वाटतं आणि इंटर्नलाही.

निरीक्षण मोघम केलं तर खरंच वेळ वाया जातो. पद्धत सोपी आहे. २० मिनिटं घ्या. दर १५ सेकंदांनी मान वर करून बघा, मूल त्या क्षणी कामात आहे की नाही, एक खूण. अशा ८० खुणा होतात. शेजारच्याच, त्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलाच्या ८० खुणा दुसऱ्या रकान्यात करत चला. शिक्षक ज्याला ‘अजिबात लक्ष नाही’ म्हणतात तो ८० पैकी ४४ वेळा कामात दिसला आणि शेजारचा ४८ वेळा, तर प्रश्न त्या मुलाचा नसून तासाचा आहे. हे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तासांना तीनदा करा. खिचडीच्या आधीचा शेवटचा तास एकटाच धरला तर कुठलंही मूल चंचल ठरेल. आणि वर्गात शिरताना “या मॅडम तुला बघायला आल्यात” असं कुणी म्हणू नये, हे शिक्षकांशी आधी बोलून ठेवा. एकदा म्हटलं गेलं की ते मूल त्या दिवसापुरतं तुमच्या हातून गेलं.

आता तुमच्या पर्यवेक्षकांबद्दल. त्यांना लेखी, नम्रपणे विचारा: दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक तास मिळेल का? प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉल चालेल, मात्र मुलाचं खरं नाव न घेता आणि कागद व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता. तेही जमत नसेल तर विभागप्रमुखांकडे जाऊन दुसरे पर्यवेक्षक मागा. मुख्याध्यापक तुमची हजेरी आणि शिस्त बघू शकतात. विषयातलं पर्यवेक्षण त्यांच्याकडून अपेक्षित धरू नका, तो त्यांच्यावर अन्याय होतो.

पुढच्या तुकडीसाठी एक सूचना. इंटर्नशिप जुलैच्या मध्याला सुरू होईल असं बघा. जूनमध्ये वर्गशिक्षकांनाच नवी मुलं नीट माहीत नसतात. पहिल्या घटक चाचणीनंतर मात्र ते नेमकं बोलू लागतात. जानेवारीत आलेल्या इंटर्नला दहावी-बारावीची गडबड, स्नेहसंमेलन आणि सहली एवढंच बघायला मिळतं.

जत तालुक्यातल्या शाळेत इंटर्न आहे. शिक्षक रोज एक मूल पाठवतात, ‘याचा आयक्यू काढून द्या.’ एका मुलाचा बुद्ध्यांक मी ९१ काढला, मॅडमनी तपासल्यावर ८१ आला. एवढा फरक कसा? (इंटर्न, जत)

तुम्ही गुणांकनाचा कागद सोबत पाठवलात म्हणून नेमकं सांगता येतं. बिने-कामत चाचणीत तुम्ही सहाव्या वर्षापर्यंतचे सगळे प्रश्न बरोबर धरलेत आणि पुढच्या वर्षांतले मिळून ७ बरोबर. या पातळ्यांवर दर वर्षाला ६ प्रश्न, प्रत्येकाचे २ महिने. म्हणजे ६ वर्षं अधिक १४ महिने, मानसिक वय ७ वर्षं २ महिने, ८६ महिने. इथवर तुमचं आणि मॅडमचं एकच आहे. फरक आहे तो जन्मतारखेत. तुम्ही २० नोव्हेंबर २०१७ धरलीत, दाखल्यावर २०१६ आहे. १२ सप्टेंबर २०२५ ला मुलाचं खरं वय ८ वर्षं ९ महिने २२ दिवस, म्हणजे १०६ महिने. ८६ भागिले १०६ गुणिले १०० हे ८१ येतं. तुमच्या हिशेबात वय ९४ महिने झालं आणि उत्तर ९१ आलं.

वर्षभराची ही चूक लहान नाही. अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातच अडखळणं) म्हणायची तर बुद्धिमत्ता सर्वसाधारण कक्षेत असावी लागते आणि त्यासाठी ८५ ची रेषा सर्रास धरली जाते. एका बाजूला ९१, दुसऱ्या बाजूला ८१. वजाबाकीतल्या चुकीने मुलाची वाटच बदलली असती. म्हणून जन्मतारीख मुलाला विचारून लिहायची नाही. शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्मदाखला दोन्ही बघायचं. रजिस्टरला १ जून असेल तर जास्तच सावध व्हायचं, कारण दाखला नसलेल्या मुलांना ही तारीख लावण्याची जुनी सवय आहे आणि ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांत ती अजून भेटते. तारीख नक्की होत नसेल तर अहवालात तसं लिहायचं आणि बुद्ध्यांकाचा आकडा न देता मूल काय करू शकलं एवढंच मांडायचं.

जतमध्ये दुसरी अडचण भाषेची. कामत चाचणी १९३४ साली मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली गेली, ते तुमच्या पथ्यावर आहे. पण ती कन्नड मुलाला मराठीतून विचारली तर तुम्ही बुद्धी मोजत नाही, त्याचं मराठी मोजता. मॅलिनच्या चाचणीचंही तसंच. ६ ते १५ वर्षं वयोगटाच्या त्या चाचणीत ११ उपचाचण्या आहेत, त्यातल्या ६ शाब्दिक आणि ५ कृतीच्या. घरची भाषा वेगळी असेल तेव्हा कृतीच्या भागावर आणि रेव्हनच्या रंगीत आकृत्यांच्या चाचणीवर अधिक भिस्त ठेवा आणि अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात चाचणी कोणत्या भाषेत घेतली ते लिहा. दुभाषा म्हणून वर्गमित्र किंवा भावंड नको, ते उत्तर सुचवून जातात. शिवाय दोन्ही चाचण्यांचे मापदंड जुने आहेत. जुन्या मापदंडांवर आजच्या मुलांचा आकडा थोडा फुगतो, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं.

हाताशी ठेवण्यासारख्या आणखी काही गोष्टी. सेग्विनच्या फळीवर (लाकडी आकार आपापल्या खाचांत बसवण्याची चाचणी) तीन फेऱ्या होतात, हिशेबाला सर्वांत कमी वेळेची फेरी घ्यायची. सरासरी काढली की निकाल बिघडतो. मॅलिनची चाचणी दोन बैठकांत घ्या. मूल जांभया देऊ लागलं की त्यापुढचे गुण थकव्याचे असतात. खेळाच्या तासातून ओढून आणलेल्या मुलाची चाचणी त्या दिवशी घेऊच नका. वर्षाच्या आत तीच चाचणी पुन्हा नको. चाचणीच्या चित्रांचे फोटो मोबाइलवर काढू नका. एकदा बाहेर पडलेली चाचणी सगळ्यांसाठीच निकामी होते.

आणि रोज एक मूल? शिक्षकांना ‘नाही’ म्हणायला शिका, पण नुसतं ‘नाही’ नको. आधी तीन गोष्टी विचारा. डोळे आणि कान तपासले का? गेल्या वर्षभरात किती दिवस शाळेत होता? याला काय वाचता येतं, शब्द की ओळ की परिच्छेद? डोळे-कान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घेता येतात, पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. फळा न दिसणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक काढणं हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. चाचणी ही शेवटची पायरी. अहवालावर सही नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाची, तुमची नव्हे. आणि सवलतींसाठीचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयातूनच मिळतं, हे शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका.

आमच्या शाळेत दोन इंटर्न येणार आहेत. त्यांना काय द्यावं, काय देऊ नये? (मुख्याध्यापक, खटाव तालुका)

दार बंद होणारी, पण खिडकीतून आतलं दिसणारी एक खोली द्या. कुलपाचं एक कपाट द्या, चावी त्यांच्याकडे. शिक्षकांना सहा ओळींचा कागद द्या: मुलाचं नाव, इयत्ता, नेमकं काय दिसतं, कधीपासून, कोणत्या तासाला, आतापर्यंत काय करून पाहिलं. ‘मठ्ठ आहे’, ‘आगाऊ आहे’ असे शेरे त्यावर चालणार नाहीत असं आपणच सांगा, आपल्या तोंडून ते ऐकलं जातं.

देऊ नये ते असं: ऑफ तास, शिस्तभंगाची चौकशी आणि परीक्षेचं पर्यवेक्षण. चोरी कुणी केली हे काढायला इंटर्नला बसवलं, तर त्या खोलीत पुन्हा कुठलंच मूल मन उघडं करणार नाही. पालकांची लेखी संमती जुलैच्या पालकसभेत घ्या. कागदावर काय होणार, किती वेळ, माहिती कुणाला कळणार हे साध्या मराठीत असू द्या. “आमच्या पोराला वेडा ठरवताय का?” असं कुणी विचारलं तर उत्तर आपण द्यावं, इंटर्नवर सोडू नये.

सातवीतल्या मुलीने मला काही सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नका ताई’ म्हणाली. मी शब्द दिला. आता झोप लागत नाही. (इंटर्न, सातारा)

तिने काय सांगितलं ते तुम्ही सविस्तर लिहिलेलं नाही, ते योग्यच केलंत. हे उत्तर पुढे वाचण्याआधी तुमच्या पर्यवेक्षकांना फोन करा. आजच.

असा शब्द द्यायचा नसतो. पहिल्याच भेटीत मुलाला सांगायचं असतं: “तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण कुणी तुला त्रास देतंय, तू स्वतःला काही करून घेशील असं वाटलं, किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल, तर मी मोठ्या माणसांना सांगेन. आणि सांगण्याआधी तुला सांगेन.” शब्द देऊन बसलात तर आता तिच्याकडे जाऊन हेच म्हणा, आणि आधी चुकीचा शब्द दिला याची माफी मागा. मुलांना माफी समजते.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायदा २०१२ चं कलम १९ प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, इंटर्नलाही. माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा, पण ‘संस्थेशी बोलून बघू’ हे उत्तर तुमची जबाबदारी संपवत नाही. मुलीला तपशील खोदून विचारू नका. कधी, कुठे, कितीदा हे विचारणं तुमचं काम नव्हे. तुमच्या प्रश्नांनी तिचे शब्द बदलतात आणि पुढे न्यायालयात त्याचा त्रास तिलाच होतो. तिने म्हटलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. संशयित घरातला असेल तर आधी घरी फोन करू नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

मरण्याबद्दल बोलली असेल तर स्पष्ट विचारा, “जीव द्यावा असं वाटतं का? कसं करायचं हे मनात आलं का?” विचारल्याने ते मनात भरत नाही. होकार आला तर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलावायचं आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जायचं. पालकांना एक गोष्ट हमखास सांगा. शेतातली कीटकनाशकं आणि तणनाशकं आज संध्याकाळच्या आत घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. द्राक्ष, ऊस, भाजीपाला पिकवणाऱ्या आपल्या घरांत ती ओसरीवर, गोठ्यात, जिन्याखाली उघडी असतात. तो हाताला येणारा डबा नसणं, यानेच अनेक जीव वाचतात. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणि तुमची झोप. हा विषय पर्यवेक्षणाच्या तासाला आणा. ऐकलेलं एकट्याने पेलायचं नसतं, म्हणून तर तो तास असतो.

आमचा गलाईचा (सोनं-चांदी गाळण्याचा) धंदा तमिळनाडूत. मुलगा चौथीपर्यंत तिकडे शिकला, आता विट्याला पाचवीत मराठी शाळेत घातलाय. शाळेतल्या इंटर्न मॅडम म्हणतात त्याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे. तपासणी करावी का? (पालक, विटा)

आत्ता नको. अध्ययन अक्षमता असेल तर ती दोन्ही लिप्यांत दिसते. तुमचा मुलगा तमिळ अस्खलित वाचत असेल आणि मराठीत अडखळत असेल, तर तो नवी लिपी शिकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर, ‘त’ आणि ‘द’लाही एकच. तिकडून आलेल्या मुलाने ‘गाय’ला ‘काय’ लिहिलं तर ती खूण अक्षमतेची नाही, सवयीची आहे.

त्याची तिकडची जुनी पाठ्यपुस्तकं जपून ठेवली असतील तर शाळेत घेऊन जा आणि मॅडमच्या पर्यवेक्षकांसमोर त्याला तमिळ वाचू द्या. गणितातली आकडेमोड, ज्यात शब्द नाहीत, ती कशी करतो तेही दाखवा. बोलायला मराठी घरचंच आहे, त्यामुळे रोज वीस मिनिटं त्याच्यासोबत मोठ्याने वाचलंत, आधी जोडाक्षरांशिवायच्या गोष्टी आणि मग जोडाक्षरांच्या, तर दिवाळीपर्यंत फरक दिसायला हवा. तमिळही अडखळतच वाचत होता, तिकडच्या शिक्षकांचीही तीच तक्रार होती, असं असेल तर मात्र दिवाळीची वाट बघू नका. त्याची तिकडची प्रगतिपुस्तकं घेऊन सांगलीच्या शासकीय रुग्णालयात दाखवा.